घटक ५ : मुलाकडे निघालेली शाळा – ताराबाई मोडक यांचे जीवन आणि कार्य

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• ताराबाई मोडक यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे क्रमाने सांगता येतील.
• बालवाडीतील शैक्षणिक साधने आणि विशेष गरजा असलेल्या मुलांचे शिक्षण यांचा संबंध स्पष्ट करता येईल.
• अंगणवाडी, कुरणशाळा, विकासवाडी या शब्दांची घडण आणि त्यांमागील विचार उलगडून दाखवता येईल.
• ताराबाईंची दृष्टी आपल्या परिसरातील एखाद्या मुलाच्या बाबतीत लावून पाहता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रांनो, मागील घटकात आपण चरित्र या वाङ्मयप्रकाराची लक्षणे पाहिली. चरित्र म्हणजे सनावळी नव्हे, हे तेथे आपल्या लक्षात आलेच आहे. एखाद्या व्यक्तीने आयुष्यभर कोणत्या प्रश्नाचा पाठपुरावा केला, हे कळले तरच तिचे चरित्र कळले असे म्हणता येते. प्रस्तुत घटकात आपण ताराबाई मोडक यांचा जीवनपट पाहणार आहोत. मात्र त्याआधी एक प्रसंग मनाशी कल्पून पाहा.

पैनगंगेच्या काठी वसलेल्या मेहकरपासून काही अंतरावरचे एखादे गाव डोळ्यांसमोर आणा. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस आहेत. आईवडील उजाडताच वावरात गेले आहेत. अंगणवाडीत वीस-पंचवीस मुले जमली आहेत. ताई हाक मारतात; इतर मुले उठून गोल करतात, पण चार वर्षांचा एक मुलगा मान वर करीत नाही. तो भिंतीशी बसून चिंचोक्यांची ओळ मांडीत राहतो. गाणे सुरू झाले तरी त्याचे ओठ हलत नाहीत. त्याला कोणी हट्टी म्हणतात, कोणी मंद म्हणतात. मोठा झाला की सुधारेल, असे म्हणून बाकीचे विषय संपवतात.

हा मुलगा कल्पनेतला असला तरी त्याच्यासारखी मुले तुम्ही पाहिली असतील. तुमच्यापैकी काहीजणी स्वतः अंगणवाडी सेविका असतील, काहीजण पालक असतील. मग प्रश्न असा, की हा मुलगा शाळेत बसत नाही याचा दोष प्रथम कोठे शोधायचा? मुलात, की शाळेत? ताराबाईंनी आपल्या कामातून या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते समजून घेणे हा या घटकाचा गाभा आहे.

५.२ जडणघडण

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत केळकर घराण्यात झाला. घरात प्रार्थना समाजाचे सुधारकी वातावरण होते. मुलींना शिकवणे हा त्या काळी बहुतेक घरांत वादाचा विषय असताना या घरात ते गृहीतच धरलेले होते. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या वेळी पदवी मिळवणाऱ्या मराठी स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या घटनेचे मोल कळते.

पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या वऱ्हाडात आल्या. मेहकर काय, अमरावती काय, दोन्ही गावे जुन्या वऱ्हाड प्रांतातली. आजही बुलढाणा जिल्हा अमरावती महसूल विभागातच मोडतो. तेव्हा या विदुषीच्या आयुष्यातील एक पर्व तुमच्या मुलखाशी जोडलेले आहे. हे पर्व सुखाचे मात्र ठरले नाही. १९२१ मध्ये पतिपत्नी विभक्त झाले. पदरी प्रभा ही लहान मुलगी होती. घर सोडलेल्या स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असे, याची कल्पना तुम्ही करू शकाल. ताराबाईंनी माहेरी आश्रय घेऊन दिवस कंठण्याऐवजी नोकरीची वाट धरली. राजकोट येथील शिक्षिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या.

पद मानाचे होते, वेतनही चांगले होते. परंतु घरी वाढत असलेल्या मुलीकडे पाहताना एक प्रश्न त्यांना छळत होता. शिक्षिकांना शिकवण्याचे शिक्षण आपण देतो. पण अगदी लहान मुलाचे शिक्षण नेमके कसे असावे, हे आपल्याला तरी ठाऊक आहे का? या प्रश्नाच्या ओढीने त्या भावनगरकडे वळल्या.

५.३ भावनगर आणि एका साधनपेटीची गोष्ट

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते वकिली सोडून बालशिक्षणात आले. छडी नाही, घोकंपट्टी नाही, मुलांनी हाताने काम करीत, खेळत, गोष्टी ऐकत शिकावे, अशी तेथील रीत होती. १९२३ मध्ये ताराबाई राजकोटची नोकरी सोडून येथे दाखल झाल्या. प्राचार्यपदावरून त्या पुन्हा विद्यार्थिनीच्या भूमिकेत आल्या, असे म्हटले तरी चालेल. १९२६ मध्ये या दोघांच्या प्रयत्नांतून नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. बालशिक्षणाचा विचार घरोघरी पोहोचावा म्हणून शिक्षणपत्रिका हे मासिक निघाले. त्याच्या मराठी आवृत्तीची धुरा ताराबाईंनी वाहिली.

या बालमंदिरात वापरली जाणारी साधने मुख्यतः इटलीतील मारिया मॉन्टेसरी यांच्या पद्धतीतील होती. लहानमोठी दंडगोलाकार ठोकळे आपापल्या खाचेत बसवणे, खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवणे, गुंड्या-काजांची चौकट हाताळणे – आजच्या बालवाडीतही ही साधने किंवा त्यांची भावंडे तुम्हांला दिसतील. ती मुळात कोणासाठी तयार झाली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

मॉन्टेसरी १८९६ मध्ये रोममध्ये डॉक्टर झाल्या. मनोरुग्णालयात वेड्या ठरवलेल्या प्रौढांबरोबरच, बुद्धीने मागे पडलेली म्हणून मुलेही कोंडलेली त्यांनी पाहिली. त्या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज अधिक आहे, असे त्यांचे मत झाले. त्यासाठी त्यांनी दोन जुन्या फ्रेंच डॉक्टरांचे लेखन धुंडाळले. पहिले इतार, त्यांनी १८०० च्या सुमारास आवेरॉनच्या रानात सापडलेल्या, बोलता न येणाऱ्या मुलाला शिकवण्याचा ध्यास घेतला होता. दुसरे त्यांचे शिष्य सेगँ; त्यांनी बौद्धिक अडचणी असलेल्या मुलांसाठी स्पर्श, दृष्टी आणि हालचाल यांवर आधारलेली साधने घडवली होती. ही साधने सुधारून मॉन्टेसरींनी १९०० च्या सुमारास रोममधील खास शाळेत मुलांना शिकवले. त्यांतील काही मुले वाचू-लिहू लागली आणि सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेतही उतरली. लोकांनी कौतुक केले. मॉन्टेसरींना मात्र वेगळाच प्रश्न पडला : एवढ्या अडचणी असलेली मुले जर येथवर येतात, तर धडधाकट मुलांच्या शाळांत असे काय बिघडले आहे, की ती मुले याहून पुढे जात नाहीत? त्यानंतर १९०७ मध्ये त्यांनी रोमच्या गरीब वस्तीत बालगृह सुरू केले आणि तीच पद्धत सर्व मुलांपर्यंत पोहोचली.

विद्यार्थिमित्रांनो, या हकिगतीचा अर्थ नीट ध्यानात घ्या. विशेष गरजा असलेल्या मुलांचे शिक्षण म्हणजे मुख्य शिक्षणाला जोडलेले ठिगळ, अशी समजूत सर्वत्र आढळते. इतिहास याच्या उलट आहे. सर्वांत मागे ठेवलेल्या मुलासाठी जी वाट शोधली गेली, तीच पुढे सर्व मुलांचा राजमार्ग ठरली. ज्या साधनांनी तुमची मुले अक्षरे गिरवायला शिकली, त्यांची जन्मकथा शाळेने नाकारलेल्या मुलांपाशी सुरू होते.

५.४ दादर ते बोर्डी

१९३६ मध्ये ताराबाई मुंबईत आल्या. दादर येथे त्यांनी शिशुविहार सुरू केले आणि शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचे वर्ग चालवले. काम नावारूपाला आले. परंतु त्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटली नाही. या बालमंदिरांत येणारी मुले शहरातील, खाऊनपिऊन सुखी घरांतली होती. साधने महाग होती, इमारत लागत होती, मुलांना आणून सोडणारे कोणी लागत होते. ज्या मुलांना बालशिक्षणाची निकड सर्वांत अधिक, तीच मुले यापासून सर्वांत दूर होती.

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. आज तो पालघर जिल्ह्यात आहे. याच वर्षी या परिसरातील वारली समाज वेठबिगारीच्या विरोधात उभा राहत होता. पिढ्यान्‌पिढ्या सावकार-जमीनदारांकडे राबणाऱ्या कुटुंबांतली ही मुले होती. शाळा हा शब्द त्यांच्या घरात कोणाच्या वाट्याला आलेला नव्हता.

याच ठिकाणी त्यांना अनुताई वाघ या सहकारी लाभल्या. अनुताई बालविधवा होत्या. शिक्षणाच्या बळावर शिक्षिका होऊन त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या होत्या. पुढे काम करता करताच त्यांनी बी.ए.ची पदवीही मिळवली, ही गोष्ट नोकरी-संसार सांभाळून अभ्यास करणाऱ्या तुम्हांला विशेष जवळची वाटेल. ताराबाईंची दृष्टी आणि अनुताईंचे अथक परिश्रम यांचा हा संगम पुढील सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे टिकला.

५.५ मूल येत नसेल, तर शाळेने निघावे

बोर्डीला बालवाडी उघडली, पण पाड्यांवरची मुले येईनात. एखाद्याने निष्कर्ष काढला असता, की या लोकांना शिक्षणाची आवड नाही. ताराबाईंनी कारणे शोधली. मुलाला आंघोळ घालून, कपडे घालून पाठवायला आईला सवड नव्हती. ती कामावर जाई. मोठी बहीण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसे. ती शाळेत आली तर भावंडाला कोण सांभाळणार? मुलगा गुरे राखायला जाई. त्याच्या मजुरीवाचून घराचे अडे. शाळेत बोलली जाणारी भाषा मुलांच्या कानांना परकी होती. थोडक्यात, दोष मुलांत नव्हता. शाळेची वेळ, जागा, भाषा आणि साधने, सारेच दुसऱ्या कोणासाठी आखलेले होते.

मग एकेका कारणाला एकेक उत्तर शोधले गेले. मुले बालवाडीकडे येत नाहीत, तर बालवाडी पाड्यावर न्यावी. एखाद्या घरापुढचे अंगण सारवावे आणि तेथेच मुलांना जमवावे. ही अंगणवाडी. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर जोडावे, म्हणजे मोठी बहीण शिकायला मोकळी होईल. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा असावी. ही विकासवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षकाने साहित्य घेऊन कुरणात जावे, गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरवावा. ही कुरणशाळा. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, माती यांपासून साधने करावीत. मोजणी, रंग, आकार, लहान-मोठे हे सारे त्यांतून शिकता येते. मुलांच्या बोलीचा, गाण्यांचा, नाचाचा अव्हेर न करता त्यांपासूनच शिक्षणाला आरंभ करावा.

१९५७ च्या सुमारास हे केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले आणि तेथे या प्रयोगांना स्थिर रूप आले. १९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. मेहकर तालुक्यातल्या अंगणवाडीच्या पाटीवर आपण जो शब्द वाचतो, त्यामागे कोसबाडच्या पाड्यांवरची सारवलेली अंगणे आहेत.

५.६ शब्दांची घडण

मराठीचे अभ्यासक म्हणून या शब्दांकडे थोडे थांबून पाहा. अंगण आणि वाडी, कुरण आणि शाळा, विकास आणि वाडी असे हे जोडशब्द आहेत. यांतील अंगण, वाडी आणि कुरण हे शब्द निरक्षर आईच्याही बोलण्यातले आहेत. शाळा हा शब्द कुरण या शब्दाला जोडला, की शाळेला चार भिंती असाव्याच लागतात ही समजूत त्या शब्दातच मोडते. नवी कल्पना लोकांच्या गळी उतरवायची असेल, तर ती त्यांच्याच शब्दांत मांडावी लागते, हे भान ताराबाईंच्या भाषेत दिसते.

याउलट काही शब्द दारे बंद करतात. मंद, येडा, मुका, बिनकामाचा, असे शिक्के एकदा बसले, की त्या मुलाकडे पाहणेच थांबते. आज कायद्याच्या आणि शिक्षणाच्या भाषेत दिव्यांग, विशेष गरजा असलेले मूल अशा संज्ञा रूढ झाल्या आहेत. नुसता शब्द बदलल्याने मुलाचे दैन्य संपत नाही, हे खरे. पण गरज हा शब्द उच्चारला, की ती कोणती आणि ती कोणी पुरवायची, हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. शिक्का मारला, की प्रश्नच उरत नाही.

बोलीचाही येथे विचार करावा. घरी काहून म्हणणाऱ्या मुलाला शाळेतील का हा शब्द पहिल्या दिवशी परका वाटू शकतो. असे मूल गप्प राहिले, तर ते बुद्धीने मागे आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाचे मौन आणि ऐकू न येणाऱ्या मुलाचे मौन वरवर सारखेच दिसते. त्यांतील फरक ओळखणे हे शिक्षकाचे काम आहे.

५.७ कार्याचे मूल्यमापन आणि मर्यादा

चरित्राच्या अभ्यासात चरित्रनायिकेचा गौरव जेवढा आवश्यक, तेवढेच तिच्या कार्याच्या मर्यादांचे भानही आवश्यक असते. ताराबाईंचे मुख्य काम गरिबीमुळे, जातीमुळे आणि अंतरामुळे शिक्षणाला मुकलेल्या लहान मुलांसाठी होते. दृष्टी, श्रवण, बुद्धी किंवा हालचाल यांच्या अडचणी असलेल्या मुलांच्या शिक्षणाचे वेगळे शास्त्र त्यांनी रचले नाही. शिवाय शाळा बदलली की प्रत्येक मुलाची अडचण सुटते, असेही नाही. ज्या मुलाला ऐकूच येत नाही, त्याच्यासाठी अंगण कितीही प्रेमाने सारवले तरी ते पुरणार नाही. त्याच्या कानांची तपासणी व्हायला हवी आणि ती लवकर व्हायला हवी. भाषा शिकण्याची पहिली काही वर्षे हातची गेली, तर ती भरून काढणे फार कठीण होते.

तथापि ताराबाईंची रीत येथेही उपयोगी पडते. ती अशी : आधी पाहणे, मग कारण शोधणे, त्यानंतर उपाय करणे आणि या सर्वांत मुलाकडे स्वतः जाणे. आज या रीतीला कायद्याचा आणि योजनांचा आधार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयोगटातील प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद घेतली. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचाही त्यांत समावेश आहे. या कायद्यानुसार ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या मुलांना वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन मुलांची तपासणी करावी, आणि गरज असलेल्या मुलाला जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी योजना आहे. म्हणजे शाळेबरोबर आता दवाखान्यानेही मुलाकडे निघावे, हे तत्त्व मान्य झाले आहे.

तत्त्व मान्य होणे आणि ते एका विशिष्ट मुलापर्यंत पोहोचणे, यांत मात्र अंतर राहते. पथक आले त्या दिवशी ते मूल आजीबरोबर वावरात गेलेले असेल, तर त्याचे नाव यादीत येत नाही. हे अंतर कागदाने कापले जात नाही. कोणीतरी चालत जाऊन ते कापावे लागते.

५.८ समारोप

आता पुन्हा आरंभीच्या मुलाकडे वळू. तो अजूनही भिंतीशी चिंचोके मांडीत आहे. ताराबाईंचे चरित्र वाचल्यानंतर आपण त्याच्याकडे कसे पाहू?

प्रथम, तो काय करीत नाही याऐवजी तो काय करतो, हे पाहू. तो चिंचोके ओळीत मांडतो. कदाचित लहानमोठे वेगळे करतो. हाच त्याच्या शिक्षणाचा आरंभबिंदू होऊ शकतो. त्याच्या जवळ बसून, त्याच्याच खेळात एक चिंचोका आपणही ठेवू. मग कारण शोधू. त्याच्या पाठीमागे ताट वाजवले तर तो वळतो का? घरी त्याच्याशी कोण, कोणत्या बोलीत बोलते? तो इतर मुलांकडे, आईच्या चेहऱ्याकडे पाहतो का? सकाळी त्याने काही खाल्ले आहे का? ही निरीक्षणे म्हणजे निदान नव्हे. निदान तज्ज्ञांनीच करायचे असते. पण तज्ज्ञांपर्यंत त्याला नेण्याची निकड या निरीक्षणांतून कळते. शेवटी, आईला दोष न देता तिच्याशी बोलू, आणि तपासणीच्या दिवशी तो हजर राहील एवढी खबरदारी घेऊ. अहवाल काहीही येवो, त्याची अंगणवाडीतील जागा मात्र त्याचीच राहील, हे सांभाळू.

ताराबाईंच्या आयुष्याकडे एकत्रित पाहिले तर त्यातील प्रत्येक वळण एकाच दिशेने जाते. प्राचार्यपदाकडून बालमंदिराकडे, महानगराकडून गावाकडे, गावाकडून पाड्याकडे आणि पाड्यावरून कुरणाकडे. प्रतिष्ठेच्या हिशेबाने पाहिले तर प्रत्येक टप्प्यावर त्या खाली उतरत गेल्या. मुलाच्या हिशेबाने पाहिले तर प्रत्येक टप्प्यावर त्या त्याच्या अधिकाधिक जवळ गेल्या. चरित्र कोणाच्या बाजूने वाचायचे, हे वाचकाने ठरवायचे असते.

आपली प्रगती तपासा

१. मॉन्टेसरींच्या शैक्षणिक साधनांचा उगम कोणत्या मुलांच्या शिक्षणात आहे? त्यावरून कोणता निष्कर्ष निघतो, ते आठ-दहा ओळींत लिहा.
२. बोर्डीच्या बालवाडीत मुले न येण्याची कारणे सांगा. प्रत्येक कारणावर योजलेला उपाय त्यापुढे लिहा.
३. अंगणवाडी आणि कुरणशाळा या शब्दांच्या घडणीतून ताराबाईंचा शिक्षणविचार कसा व्यक्त होतो, ते स्पष्ट करा.
४. ताराबाईंच्या कार्याच्या मर्यादा तुमच्या शब्दांत मांडा.

स्वयंअध्ययन उपक्रम

तुमच्या गावातील किंवा वस्तीतील अंगणवाडीत एक सकाळ घालवा. एका मुलाचे नाव न लिहिता, त्याने अर्ध्या तासात काय काय केले याची नोंद करा. नोंदीत मुलाचे वर्णन करणारे एकही विशेषण वापरू नका. केवळ क्रियापदे वापरा. नंतर ती नोंद वाचून पाहा आणि आरंभी त्या मुलाविषयी झालेले तुमचे मत कायम राहिले का, ते पाच-सहा ओळींत लिहा.